विश्लेषण : मेळघाट सर्वांत हिरवा असतो तेव्हाच सफारी बंद का? गाइडच्या रोजगाराचे काय?

घनदाट वर्षावन, नदीतून बोटीचा प्रवास, जंगलात मुक्काम आणि सोबत स्थानिक गाइड. अशा टूरची जाहिरात मोबाइलवर दिसली की डोळ्यांसमोर ॲमेझॉन येते. वऱ्हाडात याच्या जवळ जाणारे ठिकाण एकच, ते म्हणजे मेळघाट. गाइड आहे, जंगलातला मुक्काम आहे, नद्या तर पाच आहेत. बोट मात्र नाही. आणि जंगल खरोखर वर्षावनासारखे दिसते त्या जुलै ते सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्राची फाटके बंद असतात. यात पर्यटकाची एक सहल हुकते. गाइडचे काम करणाऱ्या कोरकू तरुणाची मात्र तीन महिन्यांची कमाई जाते, तीही वर्षातल्या सर्वांत ओढगस्तीच्या दिवसांत.

मेळघाट हे वर्षावन आहे का?

नाही. वर्षावनाला जवळपास बारा महिने ओलावा लागतो. वर्षाचा पाऊस साधारण दोन हजार मिलिमीटरच्या वर आणि कोरडा काळ अगदी थोडा असेल, तरच जंगल सदाहरित राहते. मेळघाटात बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढचे आठ महिने जवळपास कोरडे जातात. त्यामुळे सागवान पाणी वाचवण्यासाठी पाने गाळतो आणि एप्रिल-मेमध्ये डोंगर करडे पडतात. शास्त्रीय वर्गीकरणात हे शुष्क पानझडी वन आहे. सिपना या नदीच्या नावाचा कोरकू भाषेतला अर्थही सागवान असाच सांगितला जातो.

उंचावरच्या चिखलदऱ्यात, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटरवर, चित्र थोडे वेगळे आहे. खालच्या अकोला-दर्यापूरच्या मैदानापेक्षा तिथे कितीतरी जास्त पाऊस होतो आणि कॉफीची झाडेही तग धरतात. ऑगस्टमध्ये धुके उतरले की नवखा माणूस याला कोकणच समजेल.

पाच नद्या आहेत, मग बोट का नाही?

खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाचही नद्या सातपुड्याच्या रांगांतून वाट काढत तापीला मिळतात. उतार तीव्र, पात्रात खडक आणि गोटे. पावसाळ्यात त्या दुथडी भरतात तेव्हा प्रवाहाला इतका जोर असतो की बोट घालणे धोक्याचे. पाऊस सरला की धार बारीक होते आणि उन्हाळ्यात उरतात ते फक्त डोह. बोटीला सलग खोली लागते, ती इथे वर्षातले काही दिवसही सुरक्षितपणे मिळत नाही.

ॲमेझॉन खोऱ्यातील पेरू देशाच्या इक्विटोस शहराला बाहेरून जोडणारा रस्ताच नाही. तिथल्या माणसासाठी बोट म्हणजे एसटी, पर्यटक त्याच व्यवस्थेत बसतो. भारतात असे उदाहरण सुंदरबनचे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट आणि सुंदरबन ही दोन्ही नावे होती. तिकडे सगळे पर्यटन भरती-ओहोटीच्या खाड्यांतून बोटीने होते, इकडे जिप्सीतून. विदर्भातच बोटीची हौस भागवायची असेल तर नागपूर जिल्ह्यात पेंचचे कोलितमारा आहे. तिथे धरणाचे पाणी असल्याने बोट चालते.

मेळघाटातील डोहांत छोट्या होड्या सोडाव्यात, अशी कल्पना कोणालाही सुचू शकते. पण मे महिन्यात सांबर, गवा, अस्वल, रानकुत्रे आणि वाघ हे सगळे याच मोजक्या डोहांवर येतात. त्यात माणसांची होडी फिरू लागली तर प्राण्यांना दुसरे पाणी नाही.

पावसाळ्यात फाटके बंद ठेवण्याचे कारण काय?

पहिले कारण साधे आहे. सफारीचे रस्ते कच्चे आहेत. नाल्याला अचानक पूर आला तर पर्यटकांची गाडी दोन नाल्यांच्या मध्ये अडकते आणि मोबाइलला रेंज नसते. दुसरे असे की अनेक प्राण्यांचा आणि पक्ष्यांचा हा विणीचा काळ असतो. शिवाय पर्यटक नसल्याने जंगलात वावर कमी होतो आणि शिकारीचा धोका वाढतो, म्हणून कर्मचाऱ्यांना पायी गस्तीला जुंपावे लागते. २०१३ मध्ये मेळघाटातील वाघांच्या शिकारीची साखळी उघड झाल्यापासून हा विषय इथे गांभीर्याने घेतला जातो.

राज्यातील व्याघ्र प्रकल्पांत साधारणपणे १ जुलै ते ३० सप्टेंबर हा बंदचा काळ असतो. बफरमधील काही मार्ग पावसाचा अंदाज घेऊन सुरू ठेवले जातात. याच काळात, श्रावणात, अकोट बाजूने धारगडची यात्रा भरते आणि हजारो भाविक जंगलात जातात. सफारी बंद आणि यात्रा सुरू, हे अनेकांना खटकते. पण यात्रा परंपरेने चालत आलेली आहे आणि वनविभाग ती ठराविक दिवसांपुरती, बंदोबस्तात होऊ देतो. रोजच्या जिप्सींशी तिची तुलना करणे फारसे योग्य नाही.

गाइड सक्तीचा का असतो?

मेळघाटाचे एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यातील गाभा क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबाच्या गाभ्याच्या दुपटीहून अधिक. दऱ्याखोऱ्यांचा हा प्रदेश इतका पसरलेला आहे की ताडोबासारखे हमखास व्याघ्रदर्शन इथे होत नाही. वाघाचाच हट्ट धरून आलेला पर्यटक बरेचदा हिरमुसून परततो. म्हणूनच इथे गाइडचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. पाऊलखूण, झाडावर अस्वलाने ओढलेली नखे, माकडाने दिलेला इशारा, हे सांगणारा माणूस सोबत नसेल तर तीन-चार तास नुसता सागवान बघण्यात जातात.

रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. १८८४ नंतर हे छोटे घुबड कोणाला सापडलेच नव्हते. ते नामशेष झाले असे मानले जात असतानाच, १९९७ मध्ये खान्देशात शहाद्याजवळ पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना दिसले. पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली आणि आज हे जंगल त्याच्या मोजक्या हक्काच्या ठिकाणांपैकी एक आहे. ते दिवसाही फिरते. पण साध्या पिंगळ्यापासून ते वेगळे ओळखायचे तर सरावलेली नजर लागते.

नियमांच्या बाजूनेही गाइडवर जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये ती उठली. गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला, गाभ्यात नवे पर्यटन बांधकाम नाही, या अटी तेव्हाच्या. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश, मूळचे अमरावतीचे भूषण गवई यांच्या खंडपीठाने कॉर्बेट प्रकरणात निकाल देताना रात्रीच्या पर्यटनाला आणि गाभ्यातील पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरण्याला मनाई केली. आता जिप्सीत 'साहेब, मोबाइल आत ठेवा' हे सांगण्याची वेळ गाइडवरच येते, आणि बक्षिशी देणाऱ्या माणसाला टोकणे सोपे नसते.

हंगामाचे गणित गावाशी जुळते का?

गाइडला पैसे फेरीमागे मिळतात. फेऱ्या पाळीनुसार लागतात. फेरी नाही तर पैसे नाहीत. त्यामुळे सफारीचे वेळापत्रक आणि कोरकू गावाचे वर्ष शेजारी-शेजारी ठेवून पाहावे लागते.

खरिपाची कामे आटोपली की दिवाळीच्या आसपास धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. माणसे कुटुंबकबिल्यासह कापूस वेचणी, हरभरा-गव्हाची काढणी, वीटभट्ट्या आणि बांधकामांवर अमरावती-अकोल्याकडे आणि त्याहून दूर जातात. होळीला सगळे परततात, कारण कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण. फगवा झाला की अनेक जण पुन्हा निघतात ते पेरणीच्या आधी येतात. म्हणजे सफारी सुरू असते ते ऑक्टोबर ते जून हे महिने स्थलांतराचेच आहेत. या काळात गाइडचे काम मिळाले तर एक तरुण गावात टिकतो, त्याची मुले शाळेत राहतात. या कामाचा हा सर्वांत मोठा फायदा आहे आणि तो वाघांच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

अडचण उरते ती पावसाळ्याची. जुलै ते सप्टेंबरमध्ये घरातले धान्य संपत आलेले असते, पीक हाती यायचे असते, बियाण्यासाठी घेतलेले पैसे डोक्यावर असतात. रस्ते तुटतात, दवाखाना दूर पडतो. नव्वदच्या दशकापासून मेळघाटाचे नाव कुपोषणाशी जोडले गेले आहे आणि बालमृत्यूंच्या बातम्याही मुख्यतः याच महिन्यांत येतात. नेमक्या याच वेळी सफारीचा रोजगार शून्यावर येतो. जंगलाच्या हितासाठी बंद योग्यच आहे, पण त्याचा सगळा भार सर्वांत कमी कमावणाऱ्यावर टाकणे योग्य म्हणता येणार नाही.

ज्यांनी गाव सोडले, त्यांचे काय?

चिखलदऱ्याहून वैराटच्या दिशेने जाणाऱ्या पर्यटकाला ज्या गवताळ मोकळ्या जागेवर गवे दिसू शकतात, तिथे पूर्वी गाव होते. बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी उठली, नंतर वैराट, चुर्णी आणि अकोट बाजूची अनेक. एका कुटुंबाला १० लाख रुपयांचा मोबदला होता, तो २०२१ मध्ये १५ लाख झाला. जागा मोकळी झाल्यावर कुरण वाढले, चरणारे प्राणी आले, त्यांच्यामागे वाघ आला. संवर्धनाच्या दृष्टीने हा प्रयोग यशस्वी मानला जातो.

माणसांचा अनुभव मात्र इतका सरळ नाही. जानेवारी २०१९ मध्ये अकोट बाजूला पुनर्वसित कुटुंबे जमीन, रोजगार आणि सुविधांच्या तक्रारी घेऊन जुन्या गावांकडे परतली आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. पुनर्वसित गावांतील तरुणांना शहानूर-नरनाळा बाजूच्या सफारीत किती पाळ्या मिळतात, हा प्रश्न त्यामुळे भावनेपुरता राहत नाही. अकोल्याच्या वाचकासाठी त्याला आणखी एक बाजू आहे. खारपाणपट्ट्यातील अकोट-तेल्हारा भागाची तहान भागवणारे वान आणि शहानूर प्रकल्पांचे पाणी याच डोंगरांतून येते.

ॲमेझॉनमधून घेण्यासारखे काय?

पेरूमधील तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो या आदिवासी वस्तीने १९९६ मध्ये एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. त्यातून 'पोसादा अमेझोनास' हे जंगल लॉज उभे राहिले. नफ्यातील ६० टक्के वाटा वस्तीचा, ४० टक्के कंपनीचा. लॉज चालवण्याच्या निर्णयांतही वस्तीची समिती बसते. मेळघाटात प्रवेश शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जाते आणि त्यातून गावांसाठी कामे होतात. बफरमधील गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही आहे. गॅस, कुंपण, शौचालय यातून मिळते. मात्र नफ्यात ठरलेला हिस्सा आणि निर्णयात मत, हे दोन्ही त्यात नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या परतवाड्याजवळच्या पायविहीरने सीताफळाच्या विक्रीतून गावाचे उत्पन्न उभे करून दाखवले आहे, तेव्हा हिशेब गावाला जमत नाही ही सबब टिकणारी नाही.

पावसाळ्यात काम निघू शकते का?

चिखलदऱ्याकडे पाहिले तर उत्तर सापडते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी परतवाड्याहून वर येणाऱ्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. अमरावती, अकोला, नागपूरहून आलेली ही गर्दी पॉइंटवर सेल्फी काढते, मक्याचे कणीस खाते आणि संध्याकाळी उतरते. या माणसांना कोणताही गाइड दिला जात नाही. तिथून काही किलोमीटरवर प्रशिक्षित गाइड काम नसल्याने घरी बसलेले असतात.

गाभ्याबाहेरच्या पठारावर, गाविलगड किल्ल्यावर आणि धबधब्यांच्या वाटांवर छोट्या गटांसाठी पायी फेऱ्या आखता येतील. पावसातली रानफुले, कोळी, बेडूक, भुईतून उगवणाऱ्या रानभाज्या दाखवायला जिप्सी लागत नाही. गाविलगडाचा १८०३ मधील इंग्रज-मराठा युद्धाचा इतिहास आहेच. गटाची संख्या, ठरलेला दर, निसरड्या कड्यांवर मनाई आणि पाळीत पुनर्वसित गावांचा वाटा एवढे ठरवावे लागेल. घोडे अडते ते हद्दीवर. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, जंगल वनविभागाकडे, गाव नगरपरिषदेकडे आणि नियोजन सिडकोकडे. सिडकोने हाती घेतलेला काचेचा स्कायवॉक वर्षानुवर्षे रखडला आहे. गाइडच्या पावसाळी फेऱ्यांना तर कोणतेही बांधकाम लागत नाही, लागते ती चार कार्यालयांची एक बैठक, तीही जूनच्या आत.