दिवसा उडणाऱ्यांच्या दिव्यांबद्दल

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
आणि मायक्रोलाइट उडवणारे सर्व क्लब व प्रशिक्षण संस्था



मायक्रोलाइट दिवसाच उडतं, मग त्याला दिवे कशाला, हे मी हँगरमध्ये इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लेखी दिलेलं बरं. विमानांच्या वायरिंगमध्ये आयुष्य घालवून आता म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहणारा मी एक मराठी माणूस.

आमच्या मंडकळ्ळी विमानतळावर उतरणारं एटीआर शेवटच्या टप्प्यात साधारण ताशी 220 किलोमीटरने येतं. समोरून मायक्रोलाइट 110 ने आलं, तर दोघांतलं अंतर सेकंदाला 90 मीटरहून जास्त तुटतं. समोरचं विमान दिसणं, ते आपल्यावरच येतंय हे उमगणं आणि वळणं, याला साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा हिशेब आहे. म्हणजे साडेअकराशे मीटरवर ते दिसलंच पाहिजे. तेवढ्या अंतरावरून मायक्रोलाइट म्हणजे आभाळातली बारीक रेघ. आणि खरी मेख पुढेच आहे. टक्कर होणार असेल तर समोरचं विमान काचेवर सरकत नाही. एकाच जागी राहून मोठं होत जातं, तेही अगदी शेवटी. डोळा टिपतो हालचाल, थांबलेला ठिपका त्याला चटकन दिसत नाही. स्ट्रोब, म्हणजे झपके मारणारा टक्करविरोधी दिवा, त्या ठिपक्याला लुकलुकायला लावतो.

भर दुपारी चकाकत्या आभाळापुढे स्ट्रोबही फिका पडतो, हे मान्य. पण चामुंडी टेकडीच्या गर्द उतारापुढे, थंडीतल्या धुक्यात आणि तिन्हीसांजेला तोच उपयोगी पडतो. डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्याला आपल्याकडे सूर्यास्तानंतर 20 मिनिटांची मुभा आहे. त्या वेळी शहराचे दिवे लागलेले असतात. दसऱ्यात तर आमच्या मोहल्ल्यालगतचा, सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा रस्ता सगळाच रोषणाईने उजळलेला. वरून पाहणाऱ्याला त्या गर्दीत पंखाच्या टोकाचा स्थिर लाल दिवा कसा वेगळा ओळखू यावा?

आंतरराष्ट्रीय हवाई नियमांचं दुसरं परिशिष्ट सांगतं की टक्करविरोधी दिवे बसवलेले असतील तर ते दिवसाही लावा. ज्यांनी खर्च केला त्यांच्यावर बंधन आलं, ज्यांनी बसवलेच नाहीत ते मोकळे. महोदय, ही फट आपण बुजवा. प्रत्येक मायक्रोलाइटवर पांढरा स्ट्रोब सक्तीचा करा. सक्ती फक्त स्ट्रोबची. डावा लाल, उजवा हिरवा, हे दोन्ही 110 अंशांचे, आणि शेपटीचा 140 अंशांचा पांढरा, हे तीन दिवे रात्री विमानाचं तोंड कुठे आहे ते सांगतात. त्यांची किमान तीव्रता समोरून अवघी 40 कॅन्डेला असते; दिवसा त्या उजेडाला कोण विचारतो? स्ट्रोबसाठी अमेरिकी नियमांत 400 प्रभावी कॅन्डेला आणि मिनिटाला 40 ते 100 झपके असं मोजमाप आहे. पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर क्लबांनो, हा घ्या.

खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरांत छापतात. ते वाचून विकत घेणारे मला बरेच भेटले. वॉट म्हणजे दिवा खातो किती. कोणत्या कोनात किती कॅन्डेला पडतात, याचं प्रयोगशाळेचं पत्रक मागा. नसेल तर तो दिवा मोटरसायकलला शोभतो. वीज पुरत नाही, ही सबबही आता चालणार नाही. रोटॅक्स 912 इंजिनाचं जनित्र सुमारे 250 वॉट देतं आणि एलईडी स्ट्रोबला त्यातले थोडेच लागतात. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी मात्र आधी बेरीज करावी.

भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीला 2015 मध्ये दिलेल्या 194 मायक्रोलाइट विमानांच्या मागणीतली 110 एनसीसीसाठी होती. म्हणजे या आभाळात कॉलेजची पोरं आहेत, पुण्या-नागपूरचीही. निदान त्यांच्यासाठी तरी निविदेत सर्वांत कमी किमतीचा निकष दिव्यांना लावू नका.

आणखी एक अट घाला. झेनॉन स्ट्रोबचा उच्च विद्युतदाबाचा डबा किंवा एलईडीचं हलकं ड्रायव्हर सर्किट रेडिओत खरखर सोडतं. टॉवरचं ऐकू येईना की वैमानिक पहिल्यांदा स्ट्रोब बंद करतो. त्यामुळे दिवा पास करण्याआधी इंजिन चालू, स्ट्रोब चालू, स्क्वेल्च उघडा ठेवून टॉवरशी बोलून बघा, आणि तो निकाल विमानाच्या लॉगबुकात सहीनिशी लिहून घ्या.

कळावे,
आपला,
मंडी मोहल्ल्यातील एक निवृत्त तंत्रज्ञ, म्हैसूर