रेशन कार्डावरचे नाव

आमच्या मराठवाड्यात एखाद्या चालत्या घराची घडी विस्कटली, की लोक फार चौकशी करीत नाहीत. "मागं दवाखाना लागला," एवढेच कोणीतरी म्हणते आणि ऐकणारा काय ते समजतो. दुष्काळ, नापिकी, मुलीचे लग्न ही कारणे चारचौघांत बोलली जातात, त्यांवर सभागृहात भाषणेही होतात. दवाखान्याचे तसे नाही. तो घरातल्या घरात शेत खातो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. पीककर्ज थकले, की वसुलीला गावात जावे लागे. ओसरीवर बसून चहा होई, इकडचे तिकडचे बोलणे होई आणि मग घरातली बाई आतून एक्स-रेचे मोठे पाकीट आणून मुकाट्याने समोर ठेवी. खत-बियाण्यासाठी उचललेले पैसे कोणाच्या तरी खुब्याच्या हाडात, नाहीतर म्हाताऱ्याच्या डायलिसिसमध्ये गेलेले असत. बँकेत पैसे 'शेतीकडे' गेल्याची नोंद असे. खरे तर ते डॉक्टरांकडे गेलेले असत, आणि ते पुरले नाहीत म्हणून वर सावकाराचे आलेले असत.

म्हणून सरकारने गरिबाच्या आजारपणाचा खर्च उचलायचे ठरवले, तेव्हा मला तो निर्णय आरोग्य खात्यापेक्षा शेती खात्याचा वाटला होता. सुरुवात तशी जुनी आहे. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि मोजक्या मोठ्या आजारांसाठी होती. मग २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत मराठवाड्यातला एकच जिल्हा होता, नांदेड. लातूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. पिवळे किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, साडेनऊशेच्या वर शस्त्रक्रिया आणि उपचार, आणि विमा कंपनीला पहिल्या टप्प्यात सरकार देणार ते दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये. पुढे २०१५ च्या सुमारास आपल्यासारख्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले गेले. पुरावा म्हणून सातबारा चाले. सातबाऱ्यावर कर्ज मिळते हे ठाऊक होते, सातबाऱ्यावर ऑपरेशन होते हे तेव्हा प्रथम पाहिले. २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली, १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या आणि १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचे संरक्षण लागू झाले. उपचारांची संख्या तेव्हा १,३५६ झाली. ती आणखी वाढवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.

कागदावर हे असे आहे. आणि कागदावर ते चांगले आहे, यात मला शंका नाही. घोडे अडते ते दुसरीकडेच, आणि नवल म्हणजे जिथे ते अडू नये अशा ठिकाणी, खुद्द सरकारी दवाखान्यात.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे. योजना म्हणजे खासगी दवाखान्यासाठी, सरकारी दवाखाना तर मुळात फुकटच आहे, तिथे योजना कशाला? रुग्णाचे नातेवाईक असे म्हणतात. सरकारी डॉक्टरही कितीदा तसेच समजून चालतात, कारण रुग्ण योजनेत घालायचा म्हणजे फोटो, तपासण्यांचे अहवाल, पूर्वपरवानगी, ऑपरेशननंतरचे कागद हा सगळा व्याप त्यांच्या गळ्यात पडतो. पण सरकारी रुग्णालयाने योजनेतून रुग्ण बरा केला, की त्याचा दावा मंजूर होऊन रुग्णालयाच्या खात्यात पैसे येतात. त्या पैशांतून औषधे, हाडात बसवायच्या पट्ट्या, सळया, साहित्य घेता येते. म्हणजे जो रुग्ण योजनेत नोंदला गेला नाही, त्याच्यामुळे दोघांचे नुकसान होते. रुग्णालयाचे हक्काचे पैसे बुडतात, आणि आत साहित्य नाही म्हणून रुग्णाच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी येते. एखाद्या शाखा व्यवस्थापकाने समोर ठेव घेऊन उभा असलेला खातेदार परत पाठवावा आणि मग शाखेत रोकड नाही म्हणून रडावे, तसलाच हा हिशेब.

गावाकडच्या एका चुलतभावाची बायको दोन वर्षांपूर्वी ओसरीवरून पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. मुलाने तिला सरकारी दवाखान्यात भरती केले. कोणत्या, ते सांगत नाही. हे कुठेही घडू शकले असते. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "काका, इथं सगळं फुकटच हाय म्हनले, पन चिठ्ठ्या थांबंनात." मी गेलो तेव्हा त्याने खिशातून मेडिकलच्या पावत्या काढल्या. इंजेक्शने, हातमोजे, पट्ट्या, आणि गोळा बदलावा लागेल, तो बाहेरून आणावा लागेल म्हणून एका दुकानदाराचा भाव. त्याने गावात एकाकडे म्हशीचा सौदाही करून ठेवला होता. योजनेचे नाव तीन दिवसांत कोणी काढले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते. विचारायचे कोणाला? पांढऱ्या कोटातल्या माणसाला प्रश्न विचारायची आपल्या लोकांना सवय नाही. बँकेतही नव्हती.

आरोग्यमित्राचे टेबल जिन्याखाली होते. तिथे पंचविशीतली एक मुलगी संगणकासमोर बसली होती आणि तिच्याभोवती वीस-पंचवीस माणसे. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आमची पाळी आली तेव्हा तिने रेशन कार्ड उघडले, आधार कार्ड शेजारी ठेवले आणि म्हणाली, "काका, मावशींचं नाव कुठंय ह्याच्यात?" नाव होते, पण दुसरेच. लग्नानंतर सासरी बदललेले नाव रेशन कार्डावर, आणि आधार काढताना माणसाने विचारले म्हणून तिने सांगितलेले माहेरचे नाव आधारवर. वय दोन्हीकडे वेगळे. आणि बाई तर एकच, आत खाटेवर पायाला वजन बांधून पडलेली.

दोन्ही नावांची बाई एकच, असा दाखला आणायला मुलगा तहसीलला गेला. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी सही झाली. त्या मुलीने कागद चढवले, मंजुरी आली, आठवड्याच्या आत ऑपरेशन झाले आणि चिठ्ठ्या थांबल्या. म्हैस गोठ्यातच राहिली. सुट्टी झाली तेव्हा, योजनेच्या नियमांत घरी परतण्याचे एस.टी.चे भाडेही धरलेले आहे, हे मी पुतण्याला वाचून दाखवले. तो हसायला लागला. त्याला ती थट्टा वाटली.

त्या मुलीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. आरोग्यमित्र हे सरकारी नोकर नसतात, कंपनीमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात. दिवसभर ती लोकांच्या नावांतले काने-मात्रे जुळवीत होती. गंगाबाई आणि गंगूबाई, मारोती आणि मारुती, बापाचे नाव पुढे की आडनाव पुढे. चाळीस वर्षांपूर्वी नव्या खात्याचे फॉर्म भरताना मी हेच काम करीत असे. फरक इतकाच, की माझ्या चुकीने चेक परत जाई. एवढ्या मोठ्या योजनेचा सगळा भार त्या टेबलावर येऊन टेकतो, आणि ते टेबल कुठे आहे हे सांगणारी पाटीही अनेकदा दिसेल अशा जागी नसते. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार आणि कागद मागाहून, अशी तरतूद नियमांत आहे, पण ती भरतीच्या दाराशी लिहिलेली मी कुठे पाहिली नाही.

आणखी एक घोळ आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. सरकारी दवाखाना म्हणजे एकच गोष्ट नव्हे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सर्व सेवा मोफत केल्याचा जो गाजावाजा झाला, तो पहिल्या विभागापुरता होता. महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. नांदेडला गावातल्या श्री गुरुगोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालयात एक नियम आणि विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरा. किनवटहून शंभरावर किलोमीटर आलेल्या माणसाला खाती दोन आहेत हे कोणी सांगायचे? त्याच्या लेखी सरकार एकच.

त्याच विष्णुपुरीत ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. पुढच्या दिवशी आकडा एकतीसवर गेला. राज्यभर हलकल्लोळ झाला. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि त्याचे चित्रणही झाले. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. अनेक रुग्ण शेवटच्या घटकेला बाहेरून आणले गेले होते, असे प्रशासनाने सांगितले, आणि त्यात तथ्य असणारच. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि पलीकडे तेलंगणातली माणसेही शेवटी विष्णुपुरीचीच वाट धरतात. पण शेवटच्या घटकेला माणसे इथेच का येतात, हा प्रश्न झाडूने सुटत नाही. ज्यांच्याजवळचे पैसे खासगीत संपले, त्यांना हे एकच दार उघडे असते.

त्या बालकांच्या आईबापांजवळ कार्डे असतील, नसतील. त्या रात्री कार्डाचा उपयोग नव्हता. नवजात बाळाला काचेची पेटी लागते, प्राणवायू लागतो आणि रात्री तीन वाजता जागी असलेली परिचारिका लागते. योजना म्हणजे चेक आहे. तो वटवायला शाखा लागते, शाखेत माणसे लागतात. पाच लाखांचा चेक सगळ्यांच्या हातात दिला, आणि रिकाम्या जागा, औषध खरेदीचा घोळ तसाच राहिला, तर तो चेक खासगी रुग्णालयातच वटणार, आणि सरकारी रुग्णालय दर वर्षी आणखी ओस पडणार. खरेदीचे तर काय सांगावे! २०१७ साली ती हाफकिनकडे दिली, तक्रारी वाढल्या म्हणून २०२३ साली नवे प्राधिकरण करायचा कायदा झाला, आणि मधल्या काळात रुग्ण मेडिकलच्या रांगेत उभे राहिले.

लातूरची कथा वेगळ्या अंगाने हीच आहे. २००२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, आज ते विलासराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. महाविद्यालयाला रुग्णालय हवे म्हणून होते ते जिल्हा रुग्णालय त्यात गेले, आणि जिल्ह्याला स्वतःचे जिल्हा रुग्णालय हवे ही मागणी वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जखमींनी भरलेले दवाखाने ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याची ही तऱ्हा. केंद्राच्या योजनेतून अतिविशेषोपचाराची इमारत तिथे उभी राहिली. इमारती आपल्याकडे उभ्या राहतातच. दुसरीकडे 'लातूर पॅटर्न' दर वर्षी डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांच्या झुंडी तयार करतो. शहरातल्या प्रत्येक भिंतीवर त्यांचे हसरे फोटो आणि गुण झळकतात. त्यांतली किती मुले पुढे औशाच्या, निलंग्याच्या, मुखेडच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला दिसतात, हा प्रश्न त्या भिंतींना विचारून पाहावा.

माझे मागणे मोठे नाही. सरकारी रुग्णालयात भरती होणाऱ्या प्रत्येकाची योजनेतली नोंद पहिल्याच दिवशी, खाटेशी येऊन व्हावी. नातेवाइकाने जिना शोधीत फिरू नये. दाव्याचे किती पैसे आले आणि कशावर खर्च झाले, याचा फलक दर महिन्याला केसपेपरच्या खिडकीशी लावावा. बँकेत व्याजाचे दर लावतात तसा. आरोग्यमित्रांची संख्या खाटांच्या हिशेबाने ठरवावी. यांतल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

तोवर आपण आपल्यापुरते एक करू शकतो. घरातली माणसे धडधाकट असतानाच रेशन कार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डे एका दुपारी जेवणानंतर शेजारी शेजारी मांडून पाहावीत. सुनेचे नाव चढले आहे का, लेकराचे चढले आहे का, म्हातारीचे नाव दोन्हीकडे सारखे आहे का, कार्डाला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मिळाला आहे का. जुळत असेल तर गावातल्या सेवा केंद्रात किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवता येते. चौकशीला १५५३८८ हा फोन आहे. नाव जुळत नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत मिळतो. सोमवारी सकाळी लवकर जावे, दुपारनंतर साहेब दौऱ्यावर असण्याचा संभव असतो.