निवेदन : रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सीताबर्डीत माहिती व मदत कक्ष

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
नागपूर जिल्हा, नागपूर.

अर्जदार : सीताबर्डीतील रहिवासी व उपचारांसाठी बाहेरगावाहून येणारे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय.

विषय : रुग्णांना निदानाच्या दिवसापासून माहिती व आधार मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्यापैकी कुणाला ल्युकेमिया आहे, कुणाला लिम्फोमा, तर कुणाला मायलोमा. आज जागतिक सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) दिन. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, म्हणून नवव्या महिन्याची २२ तारीख त्यासाठी ठरली. त्या निमित्ताने आम्ही आपल्यापुढे आलो आहोत.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानमधील एम्स, अशी उपचारांची सोय नागपुरात आहे. शासनाच्या योजनाही आहेत. मात्र रिपोर्ट हातात पडल्यावर पुढे कुठे जायचे, हे सांगणारे कुणी भेटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी सीएमएलवरील ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि तेव्हा महिन्याला लाखाच्या घरात जाणाऱ्या औषधाची जेनेरिक गोळी रुग्णांच्या आवाक्यात राहिली. ही गोळी रोज घेऊन आणि वेळच्या वेळी तपासणी करून सीएमएलचे अनेक रुग्ण शेती-नोकरी सांभाळत वर्षानुवर्षे जगतात. आमच्यातील एका कुटुंबाने मात्र हे कळण्याआधीच बैलजोडी विकली. स्वस्त गोळीची माहिती त्यांना रांगेत पुढे उभ्या असलेल्या रुग्णाने दिली. ही माहिती अशी योगायोगाने मिळू नये, यासाठी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. सीताबर्डीत मदत कक्ष सुरू करावा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका येथे मिळतात, मोरभवनचे बसस्थानक येथेच आहे आणि धंतोली-रामदासपेठेतील दवाखाने लागूनच आहेत. बाहेरगावचा रुग्ण बर्डीला येतोच. कक्षात प्रशिक्षित वैद्यकीय समाजसेवक व दूरध्वनी असावा.

२. निदान होताच रुग्णाला सोप्या मराठीत पत्रक द्यावे. आजाराचे नाव, करायच्या तपासण्या, आणि केमोथेरपीनंतर १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला किंवा रक्तस्राव झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हे त्यात ठळक लिहावे. हा आजार संसर्गाने पसरत नाही, हेही लिहावे. त्या गैरसमजापायी आमची ताटे-वाट्या वेगळ्या झाल्या आहेत.

३. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र अंगीकृत रुग्णालयात बसतात. पण ते रुग्णालय कोणते, हे कळेपर्यंत गाठीचे पैसे संपतात. अंगीकृत रुग्णालयांची आणि धर्मादाय रुग्णालयांतील निर्धनांसाठी १० टक्के मोफत व दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या खाटांची माहिती कक्षात रोज मिळावी. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचे भाडे पूर्ण माफ असते. त्यासाठीचा दाखला मिळवून देण्यास मदत व्हावी.

४. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे घरच्यांना रात्री-अपरात्री रक्तदाते शोधत फिरावे लागते. जिल्ह्यातील रक्तपेढ्यांचा त्या-त्या दिवसाचा साठा एका फोनवर कळावा आणि स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची यादी तयार ठेवावी.

५. शासकीय रुग्णालयांत सीएमएलच्या गोळ्यांचा पुरवठा खंडित होऊ देऊ नये. गोळीत खंड पडला की आटोक्यात आलेला आजार पुन्हा डोके वर काढू शकतो.

६. महिन्यातून एकदा जुन्या व नव्या रुग्णांच्या बैठकीसाठी शासकीय सभागृह व समुपदेशक उपलब्ध करावा. दहा वर्षे औषध घेत हिंडता-फिरता माणूस समोर बसला, की नव्या रुग्णाला जो धीर येतो तो कोणत्याही कागदाने येत नाही. यासाठी आमच्यातील जुने रुग्ण विनामोबदला वेळ देण्यास तयार आहेत.

या मागण्यांवर वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, महापालिका आयुक्त व आमचे प्रतिनिधी यांची बैठक ३० दिवसांत बोलवावी, ही नम्र विनंती. आमच्यातील अनेकांचे दिवस केमोच्या पुढच्या तारखेवरून मोजले जातात. म्हणून ही मुदत सुचवत आहोत.

आपले विश्वासू,
रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण व कुटुंबीय, सीताबर्डी, नागपूर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव :
१. मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर
२. मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका