समजून घ्या : कोळसा महागला, तर जाब कोणाला विचारायचा?

वीजबिलावर ‘इंधन समायोजन आकार’ दिसला की नागपूरकर वैतागतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय याच शहरात, खाणी जवळ, कोराडी-खापरखेड्याची धुराडी डोळ्यांसमोर. तरी भुर्दंड आपल्यालाच?

याचे उत्तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या बहुवार्षिक वीजदर विनियमांत आहे. त्यात खर्चाचे दोन गट आहेत: नियंत्रणातले आणि नियंत्रणाबाहेरचे. इंधनाची किंमत बाहेरच्या गटात, म्हणून वाढ ग्राहकाच्या बिलात येते. एका युनिटसाठी किती उष्णता खर्च झाली, संचाने स्वतः किती वीज खाल्ली, वितरणात किती गळती झाली, हे मात्र नियंत्रणातले. तिथे ठरलेली मर्यादा ओलांडली, तर तोट्याचा वाटा कंपनीला सोसावा लागतो.

तत्त्व रास्त आहे. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच चालवणारा मुख्य अभियंता कोळशाचा दर ठरवत नाही. त्यावरून त्याला जोखले, तर तो संच सुधारण्याऐवजी खुलासे लिहिण्यात तरबेज होईल.

गोची आहे ती रेषा कुठे ओढायची याची. पाऊस कोणाच्याच हातात नसतो, पावसाळ्याआधी साठा करणे मात्र हातात असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली. खाणीत पाणी शिरले होतेच, पण अनेक केंद्रांनी वेळीच साठा केला नव्हता, हेही एक कारण मानले गेले. अशा वेळी सगळाच दोष पावसावर ढकलणे सोयीचे असते.

खालच्या पायरीवर मात्र नेमके उलटे घडते. थकबाकी वाढली की कारवाईची टांगती तलवार शाखा अभियंत्यावर. आकडे टाकून होणारी चोरी पकडणे, एप्रिलमध्येच रोहित्रावरचा भार तपासून ठेवणे, मीटरचे रीडिंग वेळेवर घेणे, हे त्याचे काम आहेच. पण ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांचे बिल थकले, तर तो काय करणार? ते पैसे वरच्या पातळीवरून सुटतात. कृषिपंपांच्या वसुलीचा निर्णयही मुंबईत होतो.

म्हणजे वरच्यांना सवलत, खालच्यांना शिक्षा. ही वाटणी उलटी करायला हवी. सुरुवात बिलापासून करता येईल: समायोजन आकारातले किती पैसे कोळशाच्या दरामुळे, किती निकृष्ट कोळशामुळे आणि किती उशिरा केलेल्या खरेदीमुळे, ते त्याच ओळीखाली छापावे.