ताकद वाढली, पण पोलाद ठिसूळ

जास्त ताकदीचे पोलाद वापरले की पूल भक्कम, असे सरसकट मानले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर मार्च 2013 मध्ये ताणून आवळलेल्या 96 जाडजूड पोलादी सळ्यांपैकी 32 काही दिवसांतच तुटल्या. वाकल्यासुद्धा नाहीत! आवळण्याआधी जवळपास पाच वर्षे त्या भोकांत नुसत्या बसवून ठेवल्या होत्या आणि त्या भोकांत पाणी साचत होते. गंजताना सुटणारा हायड्रोजन, म्हणजे सर्वांत हलका अणू, धातूत शिरतो, ताण असेल तिथे जमतो आणि पोलादाला ठिसूळ करतो. पोलाद जितके कठीण, तितका धोका मोठा. म्हणून निविदेत ताकदीची किमान अट पुरेशी नाही, कठीणपणाची कमाल मर्यादाही हवी. आणि हो, भोकांतले पाणी उपसायला माणूसही.