किलोमीटर ठरलेले, भाडे अधांतरी

दिल्ली आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. प्रत्यक्ष उड्डाण दोन तासांच्या आत आटोपते. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. धावपट्टीसाठीची रांग आणि मुंबईच्या आकाशातील घिरट्या कंपन्यांनी त्यात आधीच धरलेल्या असतात. अंतर हलत नाही, वेळ थोडाफार ताणला जातो. ताणाला धरबंध नसतो तो फक्त भाड्याला. आणि राजधानीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाचे घर किती दूर, हे अखेर भाडेच ठरवते.

१९९४ मध्ये हवाई निगम कायदा रद्द झाला आणि भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. स्पर्धा वाढली, मध्यमवर्ग विमानात बसू लागला, हे नाकारता येणार नाही. त्यानंतर सरकारने देशभरातील भाड्यांना हात घातला तो संकट दाराशी आल्यावरच. मे २०२० मध्ये, कोरोनाकाळात, उड्डाणाच्या कालावधीनुसार सात गट पाडण्यात आले. दिल्ली-मुंबई मार्ग ९० ते १२० मिनिटांच्या गटात आला. किमान भाडे ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये. ऑगस्ट २०२२ अखेर ही व्यवस्था संपली. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली, भाडी भडकली आणि सरकारने पुन्हा मर्यादा घातली. या वेळी मोजमाप किलोमीटरचे होते. एक हजार ते दीड हजार किलोमीटरसाठी, कर व विमानतळ शुल्क वगळून, १५,००० रुपये.

दुसरे मोजमाप अधिक न्याय्य म्हटले पाहिजे. वेळापत्रक कंपन्या लिहितात. नकाशा त्यांना बदलता येत नाही. प्रश्न आहे तो अशी मर्यादा केवळ आपत्तीतच का, हा. संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मध्येच मार्गनिहाय कमाल भाड्याचा आणि स्वतंत्र नियंत्रक यंत्रणेचा विचार करण्याची शिफारस केली होती.

ऐनवेळच्या महागड्या तिकिटांमुळेच आगाऊ तिकिटे स्वस्त राहतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण ऐनवेळी निघणाऱ्यांत व्यापारी असतो, तसा वडिलांच्या अंत्यदर्शनासाठी निघालेला कारकूनही असतो. संगणकाला दोघे सारखेच दिसतात. राजधानी एक्स्प्रेस हेच अंतर सुमारे १,३८५ किलोमीटरच्या लोहमार्गाने पंधरा-सोळा तासांत कापते. तेवढा वेळ अंत्यसंस्कार थांबत नाहीत.

खासदारांना वर्षाकाठी ३४ एकेरी विमानप्रवास मोफत असतात. दौऱ्यावरील अधिकाऱ्याचे तिकीट सरकारी तिजोरी काढते. या सवलतींमागे कामाची गरज आहे, तेव्हा त्यांबद्दल आकस नको. मात्र भाड्याची झळ ज्यांना बसत नाही, त्यांच्याच हाती भाड्याचे धोरण आहे, याचे भान सभागृहाने ठेवले पाहिजे. अंतराशी बांधलेली, आधीच जाहीर केलेली आणि बारमाही कमाल मर्यादा ही अवास्तव मागणी नव्हे. स्वस्त तिकिटे विकायला तिने कोणाचे हात बांधले जात नाहीत. दिल्लीहून मुंबई दोन तासांवर आहे, असे सरकार अभिमानाने सांगते. ते ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत, त्याच्यासाठीही खरे ठरायला हवे.