रुग्णालयाबाहेरच्या दिवसांचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात एका नातलगाच्या उपचारांसाठी मला रायपूरला काही दिवस राहावे लागले. हे शहर माझ्या परिचयाचे. अविभाजित मध्य प्रदेशाच्या काळात माझ्या सेवेतील काही वर्षे येथेच गेली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात महासमुंद जिल्ह्यातून आलेल्या एका कुटुंबाशी ओळख झाली. दोन भावांचे एकत्र घर, तीन एकर धानाची शेती, घरात वृद्ध आई. थोरल्या भावाची चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा या दोघांनाही सिकलसेलचा आजार. मुलीला त्या वर्षात पाचव्यांदा दाखल करावे लागले होते.

उपचार सरकारी कार्डावर झाले, असे वडिलांनी कृतज्ञतेने सांगितले. तरीही घरावर कर्ज होते. ते कशाचे, असे विचारताच त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बसभाडे, सोबतच्या माणसांचे जेवण, बाहेरच्या दुकानातून आणलेली औषधे, रक्तदाता मिळवण्यासाठी केलेल्या खेपा आणि दोन कमावत्या माणसांची बुडालेली मजुरी. रोवणीच्या ऐन दिवसांत मुलगी आजारी पडली, तेव्हा शेत मजुरांकडून रोवून घ्यावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी बैलजोडी गेली, त्याआधी आजीच्या गळ्यातला चांदीचा सुता. धाकट्या भावाने स्वतःच्या घरकुलासाठी बाजूला ठेवलेले पैसेही याच वाटेने गेले. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्याची बायको मात्र पुतणीच्या उशाशी बसून होती आणि तिचे स्वतःचे तान्हे मूल गावी आजीपाशी होते.

अशी कुटुंबे पाहिली की आपण भारतीय कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गातो. त्या गोडव्यांत खोटे काही नाही. परंतु चाळीसेक वर्षे शासनव्यवस्थेच्या आत आणि आसपास काढल्यावर माझ्या मनात एक शंका घर करून आहे. कुटुंब सारे सोसते, म्हणून आपल्या योजना त्याच्या सोसण्यावर विसंबून आखल्या जातात, आणि त्या सोसण्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

सिकलसेल हा या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट नमुना आहे, कारण तो आनुवंशिक आहे. तो एका व्यक्तीला गाठून थांबत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि वाहक होण्याची ५० टक्के. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, या रुग्णांची जेमतेम दहा ते वीस दिवस. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. थंडी, ताप, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, यांपैकी काहीही निमित्त पुरते. म्हणजे भातशेती करणाऱ्या घरात पावसाळा आणि हिवाळा, कामाचे आणि पिकाचे दोन्ही हंगाम, हेच आजाराचेही हंगाम ठरतात.

वाहकाला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काही अंशी संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात हे जनुक शतकानुशतके टिकून राहिले, ते याच कारणाने. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली झाली, निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये. आज मध्य भारताचा मोठा पट्टा त्याच्या छायेत आहे आणि रायपूर हे त्या पट्ट्याचे एक केंद्र. सिकलसेलसाठी स्वतंत्र राज्यस्तरीय संस्था याच शहरात उभी राहिली आणि २०१२ पासून येथे एम्सही आहे.

छत्तीसगडने आरोग्याच्या क्षेत्रात हात आखडता घेतला, असे कोणी म्हणू नये. २००२ मध्ये सुरू झालेला ‘मितानिन’ हा गावोगावच्या आरोग्यसेविकांचा उपक्रम पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या योजनेचा आदर्श ठरला. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील नागरिकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लहान नाही.

मात्र विम्याची रचना दाखल होण्याभोवती फिरते. रुग्ण खाटेवर असतो तोवर कार्ड चालते. खाट सुटली की ते खिशात जाते. सिकलसेलचा रुग्ण वर्षातील तीनशेहून अधिक दिवस घरीच असतो आणि त्याचे बरेवाईट याच दिवसांत ठरते. रोजचे औषध, ठरावीक अंतराने रक्ततपासणी, पुरेसा आहार, ताप येताच डॉक्टर, आणि वेदनेचा झटका आला तर घरी थांबणारे कोणीतरी माणूस. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध महाग नाही. ते नियमित घेतल्यास झटके आणि रक्त चढवण्याची वेळ या दोन्ही गोष्टी कमी होतात. पण त्याच्या मात्रेवर देखरेख लागते, आणि त्यासाठी दर खेपेस जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा रायपूरला जायचे म्हटले की औषधाहून प्रवास महाग पडतो. एखादी खेप चुकते, मग दुसरी चुकते आणि काही आठवड्यांनी मूल पुन्हा खाटेवर असते. तेथे पुन्हा कार्ड चालते! ज्या खर्चाने झटका टळला असता तो कुटुंबाने करायचा आणि झटका आल्यानंतरचा सरकारने, असा हा उफराटा व्यवहार आहे.

एकेकाळी सनदी सेवेत असलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन करणारे अनिरुद्ध कृष्ण यांनी अनेक देशांतील हजारो कुटुंबांचा मागोवा घेऊन दाखवले की, खाऊनपिऊन सुखी असलेली घरे दारिद्र्यात घसरतात त्यामागे सर्वाधिक वेळा आजारपण असते. ही घसरण एका धक्क्याने होत नाही. ती पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरीवर घरातील एक वस्तू, एक माणूस किंवा एखाद्याची आकांक्षा मागे राहते. कुणाची शाळा सुटते, कुणाचे लग्न लांबते, कुणी वीटभट्टीवर निघून जाते. त्या कुटुंबात महतारी वंदन योजनेचे दरमहा एक हजार रुपये दोन्ही जावांच्या खात्यात येत होते. ते बहुतांशी बसभाड्यात जात. स्त्रीच्या सक्षमीकरणासाठी दिलेला पैसा रुग्णाच्या प्रवासावर खर्च होत असेल, तर तो दोष त्या स्त्रियांचा नाही. हा खर्च कोणत्याच योजनेने आपला मानला नाही, हे त्याचे कारण आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे दुष्काळ संहितांची आठवण होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश प्रशासनाने या संहिता तयार केल्या. त्या राजवटीच्या हेतूंविषयी मला भ्रम नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात, छत्तीसगडातही, माणसे मोठ्या संख्येने मेली. तरीही त्या संहितांच्या परंपरेत एक शहाणपण होते. उपासमार डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नका, तिच्या आधीची चिन्हे वाचा, असे ती अधिकाऱ्याला बजावत असे. धान्याचे भाव चढणे, सावकाराने उधारी आखडणे, माणसे निरुद्देश भटकू लागणे, ही ती चिन्हे. गावात पत आटली की संकट उंबरठ्यावर आले, असे समजावे.

आजारी घराचीही अशीच चिन्हे असतात. बैल विकले जातात, दुकानदार उधारी बंद करतो, थोरली मुलगी शाळेत दिसेनाशी होते. मितानिनला हे कळते, शिक्षिकेला कळते, रास्त भाव दुकानदारालाही कळते. शासनाला मात्र कळत नाही, कारण आपण रुग्णांची यादी ठेवतो, घसरणाऱ्या कुटुंबांची ठेवत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले. प्रशासकीय दृष्टीने हे काम मोठे आहे. पण तपासणी हा आरंभ असतो. सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांना गेल्या महिन्यात औषध मिळाले, हा आकडा तपासणीच्या आकड्याइतक्याच ठळकपणे जाहीर झाला पाहिजे.

तपासणीतून मिळालेले कार्ड घरात काय घडवते, हाही विचार हवा. अमेरिकेत १९७० च्या दशकात सिकलसेल तपासणीचा धडाका लावला गेला, तेव्हा निरोगी वाहकांनाही नोकरीत आणि विम्यात डावलले गेले. ग्रीसमधील ओर्कोमेनोस परिसरात लग्नाआधी वाहकांची नोंद केल्यावर त्यांच्यावर शिक्का बसला आणि काहींनी ती माहिती लपवूनच लग्ने केली. आपल्याकडे तर मुलीच्या ‘दोषा’ची चर्चा तिच्याआधी गावभर पोहोचते. समुपदेशनाविना दिलेले कार्ड आधीच पिचलेल्या घरावर नवा भार टाकते.

आणखी एक अडचण फायलींच्या विभागणीची आहे. अभियानाचा भर आदिवासी क्षेत्रावर आहे आणि तो योग्यच आहे. पण छत्तीसगडात साहू, कुर्मी यांसारख्या इतर मागासवर्गीय समाजांत आणि अनुसूचित जातींतही हे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. मला भेटलेले कुटुंब आदिवासी नव्हते. दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले, परंतु त्याच कायद्यातील सरकारी नोकरीच्या आरक्षणात रक्तविकारांचा समावेश केला नाही. एका कलमाने ओळख दिली आणि दुसऱ्याने तिचा उपयोग रोखून धरला.

उपाय अवघड नाहीत आणि त्यांतील बहुतेक आपल्याच व्यवस्थेत अन्यत्र रुजलेले आहेत. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा थेट रक्कम देण्याची योजना २०१८ पासून चालू आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम एक हजार रुपये झाली. औषध असूनही रिकाम्या पोटी माणूस बरा होत नाही, हे तेथे आपण मान्य केले आहे. क्षयाचा उपचार साधारणपणे काही महिन्यांत संपतो, सिकलसेलचा जन्मभर चालतो. मग तोच न्याय येथे का नको? आनुवंशिक आजाराच्या प्रत्येक रुग्णामागे मासिक साहाय्य, दाखल असताना सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि प्रवासखर्च, आरोग्य केंद्रापर्यंत हायड्रॉक्सीयुरिया व तपासणीची सोय, उच्च प्रमाणाच्या जिल्ह्यांत प्रत्येक नवजात बालकाची चाचणी, आणि एकाच घरात दोन रुग्ण असतील तर त्या घराची स्वतंत्र नोंद. यासाठी नवे खाते नको. अस्तित्वातील खात्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढे पुरे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परप्रांतीचा वाटू नये. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य रतनपूर-रायपूरपर्यंत पोहोचले होते आणि १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. सीमा बदलल्या तरी हे जनुक दोन्ही बाजूंना तेच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नंदुरबार येथील घरे हीच कहाणी सांगतील. नागपुरात या रुग्णांसाठी आयुष्य वेचणारे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या दीर्घ पाठपुराव्यामुळेच हा आजार सरकारी कागदांवर आला. आता त्याच कागदांवर कुटुंबालाही जागा मिळाली पाहिजे.

रायपूर सोडण्याच्या दिवशी मी त्या कुटुंबाचा निरोप घ्यायला गेलो. मुलीला घरी सोडले होते आणि ती सर्व मंडळी बसस्थानकाकडे निघाली होती. काकाने तिला पाठीवर घेतले होते, वडिलांच्या हातात गाठोडे होते. पुढची तारीख एक महिन्यानंतरची होती. तेव्हा धानकापणीची मजुरी हाती आलेली असेल, म्हणून येता येईल, असे वडील म्हणाले. त्याच्या पुढच्या तारखेविषयी मी विचारले नाही.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)